सोडण्याचे बळ

स्नायू आवळायला शक्ती लागते, हे सर्वांना ठाऊक असते. सैल व्हायलाही ती लागते, हे मृत शरीर शिकवते.

स्नायूच्या तंतूत मायोसिन हे प्रथिन ॲक्टिनला धरते आणि ओढते. ती पकड सुटायला एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा, नवा रेणू यावा लागतो. मृत्यूनंतर त्याचा पुरवठा आटतो. दोन-चार तासांत देह ताठरू लागतो. अशा बोटांतून ज्यांनी आपली बोटे सोडवून घेतली आहेत, त्यांना ती पकड मायेची वाटत राहते. खरे तर धरणाऱ्यात सोडण्याचे त्राण उरलेले नसते. पुष्कळ जिवंत माणसांच्या हट्टामागेही एवढेच असते.

हृदयाला प्रत्येक ठोक्यानंतर सैल व्हावे लागते. त्यासाठी पेशीत पसरलेले कॅल्शियम उपसून परत कोठारात भरावे लागते. उपसण्याला एटीपी खर्ची पडते. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचे हृदय पुरेसे आवळते, पण भरून घेण्यापुरते सैल होत नाही. कर्तबगार माणसे अनेकदा अशीच थकतात. त्यांचे देणे अखेरपर्यंत चालू असते. घेण्यासाठी मोकळे होणे तेवढे जमत नाही.

चरबी साठते, साखर साठते. जगणे ज्यावर चालते ते एटीपी साठत नाही. एका वेळी ते शरीरात थोडेसेच असते. दिवसभरात बनते ते मात्र जवळपास शरीराच्या वजनाइतके. तोच रेणू शेकडो वेळा मोडतो आणि पुन्हा जुळतो.

शरीरातल्या साऱ्या पेशींत तांबडी पेशी मला सर्वांत आदरणीय वाटते. पक्व होताना ती आपले केंद्रक टाकते, प्राणवायूवर ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकाही टाकते. जन्मभर, म्हणजे सुमारे १२० दिवस, ती प्राणवायू वाहते आणि स्वतः त्यावर ऊर्जा मिळवू शकत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूमागे तिच्या पदरी एटीपीचे फार तर दोन रेणू पडतात. या तुटपुंज्या मिळकतीवरही ती काही वेळा पाणी सोडते. एटीपी देणारी एक पायरी टाळून ती बीपीजी नावाचा रेणू घडवते. तो हिमोग्लोबिनची प्राणवायूवरची पकड ढिली करतो. तो नसता तर रक्त प्राणवायूने भरलेले राहिले असते आणि ऊती उपाशी राहिल्या असत्या.

लेहसारख्या उंचीवर पोचलेल्या माणसाच्या रक्तात एक-दोन दिवसांत बीपीजी वाढते. टंचाईत माणूस मूठ आवळतो. तांबडी पेशी टंचाईत अधिक सोडते.

रक्तपेढीच्या थंडाव्यात ठेवलेल्या रक्तातले बीपीजी दोनएक आठवड्यांत जवळपास संपते. ते रक्त प्राणवायू घेते, पण पूर्वीइतक्या सहज देत नाही. दुसऱ्याच्या देहात वाहू लागल्यावर त्याच पेशी बीपीजी पुन्हा घडवू लागतात. दोन-तीन दिवसांत त्याची पातळी बरीचशी पूर्ववत होते.