साचा आणि सराटा

गाय म्हणजे काय, या प्रश्नाला नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, उत्तर ठरलेलं होतं: जिच्यात ‘गोत्व’ आहे ती गाय. हे गोत्व एक, नित्य आणि सगळ्या गायींत सारखंच. काळी-पांढरी, आखूडशिंगी-लांबशिंगी हे नुसते वरवरचे भेद. दिङ्नाग आणि त्याच्या परंपरेतल्या बौद्ध तार्किकांनी हे साफ नाकारलं. त्यांच्या लेखी खरी ती समोरची एकेक गाय (तीही क्षणिक, पण तो विषय वेगळा). जाती ही बुद्धीने केलेली कल्पना. परमेश्वराने प्राणी साच्यातून काढले असं मानणाऱ्याला यात नैयायिकच जवळचे वाटणार. मला वाटतं, १८५९ साली डार्विनच्या ग्रंथाने या जुन्या वादात बौद्धांच्या पारड्यात बरंच वजन टाकलं, कारण त्याच्या लेखी उत्क्रांतीचं सगळं काम चालतं ते याच ‘वरवरच्या’ भेदांवर.

पुरावा हवा तर गॅलापागोसमधल्या डॅफ्ने मेजर या टीचभर बेटावर जावं. तिथे पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३पासून फिंच पक्षी पकडून त्यांच्या चोची मोजल्या. १९७७ साली पावसाने दडी मारली. मऊ, बारीक बिया पक्ष्यांनी आधीच फस्त केल्या. मागे उरली ती बहुतेक टणक फळं, त्यात आपल्या सराट्याच्या जातभाईची काटेरी फळं. पायात रुतलेला सराटा ज्याने उपटलाय, त्याला ते कवच कसं असतं हे सांगायला नको. मध्यम भू-फिंचांपैकी जाड चोचीच्यांना ते फुटे. बारीक चोचीचे बहुतेक उपाशी मेले. सातांतला जेमतेम एक वाचला. वाचलेल्यांची चोच सरासरीने सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त जाड होती, आणि चोचीची ठेवण आईबापांकडून येत असल्यामुळे पुढची पिढीही जाड चोचीची निपजली. दुष्काळाने कुणाची चोच वाढवली नव्हती. फरक थव्यात आधीपासून होता, सुकाळात ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं असा. आणि जिला आपण फिंचची ‘खरी’ चोच म्हटलं असतं ती सरासरी चोच पक्ष्यांच्या तोंडावर नव्हतीच; ती ग्रँट यांच्या वहीत होती.

फिंच शेवटी फिंचच राहिला ना, असं कुणी म्हणेल. कबूल, अर्ध्या मिलिमीटरने नवी जात होत नाही, त्यासाठी वंश वेगळा पडावा लागतो. तेही याच बेटावर दिसलं: १९८१मध्ये दुसऱ्या बेटावरून आलेल्या एका थोराड नराचा वंश काही पिढ्यांतच आपसात जोड्या जमवू लागला. नैयायिकाचा आक्षेप अधिक खोल आहे. जाती खोटी, तर या सगळ्यांना फिंच म्हणायचं कशाच्या बळावर? नात्याच्या. एका कुळातल्या सगळ्यांची नाकं सारखी असावी लागत नाहीत. राहता राहिला भाविक. हे भेद म्हणजे देवाने दुष्काळासाठी केलेली तरतूदच, असं त्याला वाटेल. देव आहे की नाही हे चोची मोजून ठरत नाही, पण ‘तरतूद’ हा शब्द इथे बसत नाही. भेद गरज पाहून निपजत नाहीत, आणि जाड चोच ही काही वरच्या दर्जाची चोच नव्हे. १९८३ साली एल निनोमुळे बेटावर धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ आला, आणि पुढच्या कोरड्या काळात तगले ते जास्त करून बारीक चोचीचे.