युवदीया आणि सुंतुखे
(वाचावे : फिलिप्पै ४:२-४, स्तोत्र ३२)



प्रभूमध्ये सर्वदा आनंद करण्याची जी आज्ञा पौलाने फिलिप्पै येथील मंडळीस केली, ती आपल्या उपासनेत वारंवार वाचिली जाते. परंतु वाचणारे बहुधा चौथ्या वचनापासून आरंभ करितात आणि दुसरे सोडून देतात. त्या दुसऱ्या वचनात युवदीया व सुंतुखे या दोन स्त्रियांची नावे आहेत. सुवार्तेच्या कामी दोघींनी पौलाबरोबर श्रम केले होते, तरी त्यांची मने एकमेकींपासून दुरावली होती. तंटा कशाचा, हे प्रेषित सांगत नाही; दोष कोणाचा, हेही सांगत नाही. तो दोघींस निरनिराळी विनंती करितो, त्यांस साह्य करण्यास एका सोबत्यास सांगतो, आणि मग आनंदाचा विषय काढितो. हे पत्र त्याने बंदिवासातून लिहिले. स्वतः बंधनात असलेल्यास दोन बहिणींच्या अबोल्याची इतकी काळजी!

चिखल्याच्या खाणीतून मँगनीज निघते, ते पुष्कळसे पोलादाच्या कामी लागते. लोखंडात गंधक राहिले तर ते तापवून ठोकताना तडकते. थोडे मँगनीज घातले म्हणजे ते त्या गंधकास आपल्याशी बांधून घेते. दृष्टांत फार ताणू नये, परंतु मंडळीही सुखाच्या दिवसांत तडकत नाही. रोवणी बुडाली, घरात मृत्यू झाला, म्हणजे जेथे जुना राग दडलेला असतो तेथेच चीर पडते.

१८९३ साली राजनांदगावास जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने नारायण वामन टिळकांस नवा करार दिला. नागपुराहून तिकडे जाणारा लोहमार्ग आपल्या भंडारा जिल्ह्यातूनच जातो. वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले व तेथे गुंतले. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करावा, ही प्रभूची शिकवण त्याच प्रवचनात आहे. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पतिपत्नी काही वर्षे वेगळी राहिली. पुढे ती एकत्र आली आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्यांनी पतीचा हट्ट लपविला नाही, स्वतःचे अश्रूही लपविले नाहीत. तरी वाचणारा पानोपानी हसतो. सगळे दुःख सांगूनही मनात कडवटपणा उरला नाही, म्हणूनच हे हसू येते, असे मला वाटते.

आपल्याकडे दोन भावांच्या बांध्यांमध्ये हातभर धुरा असतो. त्यापायी वर्षानुवर्षे अबोला चालतो, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी एक पुढे आला की दुसरा मागे राहतो. प्रचारकांनी अशा घरी न्यायाधीश होऊन जाऊ नये. धुरा कोणाचा, ते मोजणीदार पाहील. ज्यावर अन्याय झाला त्यास गप्प बसविणे यासही क्षमा म्हणू नये. हक्क मागावा, पण द्वेष बाळगू नये. हे कठीण आहे, एका दिवसाचे तर मुळीच नाही.

म्हणून हा आठवडाभर पहाटे कामावर निघण्यापूर्वी बत्तिसावे स्तोत्र वाचावे. मुकाट राहून आपली हाडे झिजली, असे दाविदाने तेथे कबूल केले आहे. स्तोत्राचा शेवट मात्र जयघोषात होतो. वाचून झाल्यावर प्रार्थनेत, ज्याचे नाव घेताना जीभ अडखळते, त्याचे नाव प्रथम घ्यावे. मग शेतावर जाताना तो धुऱ्यावर दिसला, तर त्याने बोलण्याची वाट न पाहता आपणच त्यास हाक मारावी.