मुलाचा विकार नेमका कुठे असतो?

मुलांमधल्या मनोविकारांची मोजणी हे वरवर पाहता वैद्यकाचे काम. तिच्या तळाशी मात्र एक जुना तात्त्विक प्रश्न आहे: वागणे कुठवर स्वभाव आणि कुठून पुढे विकार? बंगळुरूची २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी यासाठी पाहण्याजोगी आहे. शहरातल्या मध्यमवर्गीय वस्त्या, झोपडपट्ट्या आणि खेडी मिळून दोन हजारांवर मुले तीत तपासली गेली. ४ ते १६ वर्षांच्या मुलांत १२ टक्क्यांना कोणता ना कोणता विकार आढळला. पण त्यापायी मुलाचे रोजचे जगणे खरोखर अडते का, हे पाहिल्यावर प्रमाण ५.३ टक्क्यांवर आले. मुले तीच, बदलला तो प्रश्न.

या पाहणीत अंथरूण ओले करण्याचे प्रमाण बरेच होते. घरात चार भावंडे एकाच वाकळीवर झोपत असतील, तर सकाळी ती वाळत टाकली की विषय संपतो. तेच मूल वसतिगृहात गेले की तक्रार उभी राहते. शेळ्यांमागे जाणाऱ्या पोराला अक्षरे लागत नाहीत हे शाळा येईपर्यंत कोणाला कळतही नाही. म्हणून विकार ही शाळेने आणि शहराने निर्माण केलेली कल्पना ठरते काय? तसे म्हणणे उतावीळपणाचे. मतिमंदत्व किंवा स्वमग्नता कोणाच्या अपेक्षेतून जन्मत नाही. एखाद्या अवस्थेला विकार म्हणण्यासाठी अभ्यासक जेरोम वेकफिल्ड यांनी १९९२ मध्ये दोन अटी घातल्या: मनाचे एखादे नैसर्गिक कार्य बिघडलेले हवे आणि त्या बिघाडाने समाजाच्या दृष्टीने हानी व्हायला हवी. पहिली अट निसर्गाची, दुसरी माणसांची. दुसरी अट गावागणिक बदलते, आणि आकड्यांच्या तफावतीला एवढेही पुरते. मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांचा १९७७ मधला इशाराही याच्याजवळचा आहे. एका संस्कृतीत घडलेला रोगाचा साचा दुसरीकडे नेला, की तिथेही त्यात बसणारी माणसे सापडतात. पण साचा तिथला ठरत नाही.

उलट बाजूही आहे. भारत, सुदान, कोलंबिया आणि फिलिपिन्स येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या मुलांचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत १२ ते २९ टक्क्यांना मानसिक विकार होता. पण बहुतेकांना आणले होते ते शारीरिक तक्रारींसाठी, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लक्षात आली ती यांतली थोडीच. नाव नसले म्हणून दुःख नसते असे नाही.

कारण शोधू लागले की दोषही शोधला जातो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह सांगितले आहेत: स्कंद, शकुनी, रेवती, पूतना इत्यादी. आई किंवा दाई शौच-मंगलाचारात चुकली की ते मुलाला धरतात, असे तिथे म्हटले आहे. विसाव्या शतकात ब्रुनो बेटलहाइम यांनी स्वमग्नतेचे खापर आईच्या थंडपणावर फोडले. ग्रह गेले, आई तिथेच राहिली. तिसरे उत्तर पूर्वजन्मीच्या कर्माचे. ते आईला सोडवते, पण दोष थेट मुलाच्या खाती टाकते. तोही अशा कृत्याचा, जे त्याला आठवत नाही. या उत्तराला परंपरेच्या आतूनच हरकत घेतली गेली आहे. पाली संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की माणूस जे भोगतो ते सारे पूर्वकर्माचेच फळ का? बुद्ध नाही म्हणतो आणि वेदनेची आठ कारणे सांगतो. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात वगैरे. पूर्वकर्म हे त्यांतले केवळ एक.