शेतीही जुगारच आहे काय?

जुगार सोडण्याचा उपदेश केला की एक उत्तर हमखास मिळते : "मौलाना, आमची शेती तरी दुसरे काय आहे? तोही जुगारच!" मेहकर तालुक्यात पावसाच्या भरवशावर सोयाबीन आणि कपाशी पेरणाऱ्याच्या तोंडचे हे शब्द आहेत. त्यामागील वेदना खरी आहे. तुलना मात्र खोटी आहे, आणि जुगारी विचाराची सुरुवात याच तुलनेपासून होते.

पेरणीचेही भविष्य अज्ञात असते. परंतु डवरणी, निंदणी, खत यांचा पिकाशी संबंध असतो, आणि आपले पीक साधले म्हणून शेजाऱ्याचे बुडत नाही. सट्ट्यात एकाचा लाभ हा दुसऱ्याच्या नुकसानीतूनच येतो. मटक्याचा उगम पाहा. प्रारंभी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर पैसे लावले जात. १९६० च्या दशकात ते भाव सुटले. मडक्यातून चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढले जाऊ लागले. कापूस गेला, आकडा राहिला आणि खेळ तसाच चालू राहिला. कष्टाशी त्याचे नाते नव्हतेच, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

दहा आकड्यांपैकी एक निघतो आणि रुपयाला नऊ रुपये मिळतात. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावणारा दहा देऊन नऊ घेतो. एवढा हिशेब शाळकरी मुलालाही कळतो. मग जाणता माणूस का फसतो? त्याची बुद्धी निजलेली नसते. जिथे अर्थ नाही तिथे ती अर्थ शोधत असते. जुने तक्ते पाहून तो म्हणतो, "पाच बरेच दिवस आला नाही, आता येणारच." १९१३ साली मोंटे कार्लोच्या जुगारगृहात काळा रंग सलग २६ वेळा आला. आता लाल येणारच, या खात्रीने लोक लालवर पैसे लावत राहिले आणि प्रचंड रकमा हरले. मागे काय निघाले, हे त्या चक्राला ठाऊक नव्हते.

याहून घातक भ्रम ईमानचे शब्द पांघरून येतो. हरण्याला तकदीर म्हणायचे, पुन्हा पैसे लावण्याला सब्र म्हणायचे, आकड्यासाठी दुआ मागायची, एखाद्या बाबाकडे आकडा विचारायला जायचे. सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत जुगारासोबत कौल घेण्याच्या बाणांचाही निषेध आहे, तो यासाठीच. दोन्हींत गैबचे ज्ञान हाती आल्याचा दावा असतो. तवक्कुल याच्या उलट आहे. उंट आधी बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. शेतकरी उंट बांधतो. जुगारी तो विकून दोरीची वाट पाहतो.

मग असा माणूस गुनाहगार की रुग्ण? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराच्या व्यसनाचा समावेश आहे. मनात भ्रम येणे हा दोष नव्हे. त्यावर पाऊल टाकणे ही आपली कृती आहे. सवय जडल्यावर पाऊल आवरण्याची शक्ती क्षीण होते, तरी मदत मागण्याची जबाबदारी उरतेच. म्हणून तौबा आणि उपचार यांत विरोध नाही. घरच्यांनी टोमणे मारू नयेत, पण गुपचूप कर्जही फेडू नये. "या वेळी सुटलो" हाही त्याला विजयच वाटतो. व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती द्यावा. १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर बोलावे.

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कायदा ॲप बंद करू शकतो. "आता येणारच" हा मनातील आवाज नव्हे. ज्याच्या तोंडून जुगाराचे निमंत्रण निघाले, त्याने सदका द्यावा, असे हदीसमध्ये आले आहे. त्यात मोठी हिकमत आहे. दुसऱ्याचे घेण्यासाठी उघडलेला हात त्याच क्षणी देण्यासाठी वळवायचा. पुढच्या वेळी मनात आकडा उमटला, तर ती रक्कम एखाद्या गरजू घरी पोचवा. ती वाया जाणार नाही, एवढे मात्र निश्चित आहे.