ऐकीव इशारा आणि आपली जबाबदारी

खोटे बोलण्याचा कसलाही विचार मनात नसताना, उलट इतरांचे भले व्हावे या भावनेने, एखादा माणूस एक खोटी गोष्ट शंभर जणांपर्यंत पोहोचवतो. तो दोषी ठरतो काय? कर्मांचा निवाडा हेतूवर होतो, हे सांगणाऱ्या हदीसने सहीह बुखारीचा आरंभ होतो आणि ती आपल्या मुलांनाही पाठ असते. म्हणून आपण चटकन ‘नाही’ म्हणतो. परंतु वाचकहो, संगणकाच्या जगातील एका जुन्या प्रकाराकडे लक्ष दिले तर हे उत्तर इतक्या सहजपणे देता येत नाही.

1994 च्या अखेरीस अमेरिकेत ई-मेलद्वारे एक इशारा फिरू लागला. ‘गुड टाइम्स’ या मथळ्याचे पत्र आले तर ते वाचू नका, नुसते वाचल्यानेच संगणकातील सर्व माहिती पुसली जाईल, आणि ही सूचना आपल्या सर्व मित्रांना कळवा, असे त्यात म्हटले होते. असा व्हायरस अस्तित्वातच नव्हता. त्या काळी ई-मेल म्हणजे साधा मजकूर असे. तो वाचल्याने संगणक बिघडण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातील संगणक सुरक्षा विभागाने त्याच वर्षी डिसेंबरात ही अफवा असल्याचे जाहीर केले. तरीही ती पुढे कित्येक वर्षे फिरतच राहिली.

2001 मधील प्रकार याहून बोलका आहे. ‘सल्फएनबीके’ नावाची फाइल आपल्या संगणकात शोधा; ती सापडली तर तुम्हाला लागण झाली आहे; व्हायरस शोधणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामला ती ओळखता येत नाही; 1 जूनला ती जागी होईल; ताबडतोब काढून टाका आणि ओळखीच्या सर्वांना कळवा, असा तो निरोप होता. लोकांनी शोधले आणि फाइल खरोखरच सापडली. सापडणारच होती, कारण ती विंडोज 98 चाच एक भाग होती; फाइलींची लांबलचक नावे पूर्ववत करण्यासाठी कंपनीनेच ती दिलेली होती. लोकांनी ती स्वतःच्या हाताने पुसली. पुढच्याच वर्षी अस्वलाचे चित्र असलेल्या दुसऱ्या एका निरुपद्रवी फाइलवर हेच संकट ओढवले.

या निरोपाची रचना नीट पाहा. फाइल सापडणे हाच पुरावा, म्हणजे प्रत्येकाला पुरावा मिळणारच. तपासणारा प्रोग्राम आंधळा आहे असे आधीच सांगून टाकलेले, म्हणजे पडताळणीचे दार बंद. ठरावीक तारीख दिलेली, म्हणजे विचाराला सवड नाही. खरा व्हायरस संगणकातील पत्त्यांची यादी चोरून वाचतो आणि स्वतःच्या प्रती पाठवतो. मे 2000 मध्ये ‘आय लव्ह यू’ या मथळ्याच्या पत्राने जगभर तेच केले होते. येथे मात्र कोणत्याही प्रोग्रामची गरज लागली नाही. ते काम माणसाच्या भीतीने आणि माणसाच्याच सद्भावनेने केले.

यावर नेहमीचा युक्तिवाद असतो: ‘खरे निघाले तर? पाठवण्यात आपले काय जाते?’ आपले काहीच जात नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. जाते ते दुसऱ्याचे: त्याचा वेळ, त्याची फाइल, त्याची मनःशांती. शिवाय ‘लांडगा आला’ असे रोज ओरडणाऱ्या गावात खरा लांडगा येतो तेव्हा कोणी बाहेर येत नाही.

कुरआनने या विषयावर मौन बाळगलेले नाही. सूरह हुजुरातच्या 6 व्या आयतीत, दुराचारी माणसाने बातमी आणली तर खातरजमा करण्याचा आदेश आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे: अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा होऊ नये आणि मागाहून पश्चात्तापाची पाळी येऊ नये. ‘अजाणतेपणी’ हा शब्द ध्यानात घ्या. ज्या इजेपासून येथे सावध केले आहे ती वाईट हेतूने केलेली नाही, न तपासता केलेली आहे. सूरह निसाच्या 83 व्या आयतीत तर शांततेची असो वा भीतीची, बातमी येताच ती पसरवणाऱ्यांवर ठपका आहे, ती प्रेषितांकडे (स.) आणि जबाबदार व्यक्तींकडे नेली असती, तर त्यातून तथ्य काढू शकणाऱ्यांना ते कळले असते.

कोणी म्हणेल, हा इशारा तर आमच्या मामूंनी पाठवला. ते नमाजी आहेत, त्यांना दुराचारी कसे म्हणावे? शंका रास्त आहे, आणि तिचा विचार हदीसशास्त्राच्या विद्वानांनी शेकडो वर्षांपूर्वीच केलेला आहे. इमाम मुस्लिम (रह.) यांनी आपल्या सहीहच्या प्रस्तावनेत एका थोर विद्वानाचे मत नोंदवले आहे: सत्प्रवृत्त लोक हदीस सांगताना जितके असत्य बोलताना आढळतात तितके अन्य कशातही आढळत नाहीत. इमामसाहेब त्याचा खुलासाही करतात: ते जाणूनबुजून खोटे बोलत नाहीत, असत्य त्यांच्या जिभेवरून नकळत वाहून जाते. म्हणूनच निवेदकाची धर्मनिष्ठा पाहून विद्वान थांबले नाहीत. त्याची स्मरणशक्ती पाहिली, त्याने ते कोणाकडून ऐकले हे विचारले, त्या दोघांची भेट झाली होती काय हेही पाहिले. त्यांच्याकडेही साखळीच होती, पण तिच्या प्रत्येक कडीला नाव होते. ई-मेलच्या साखळीत फक्त शेवटची कडी दिसते, आणि तिच्यावरील प्रेमापोटी आपण मागच्या साऱ्या निनावी कड्यांवर विश्वास ठेवतो. त्याच प्रस्तावनेत अशीही हदीस आहे की ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे एवढेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे.

संगणकाला तरी कशाला दोष द्यावा? मदीनेच्या शेख अहमद यांच्या स्वप्नाचा तथाकथित वसीयतनामा आपल्या घरांत ई-मेलच्या पुष्कळ आधीपासून येत आहे. प्रती काढून वाटाल तर लाभ, न वाटाल तर संकट! शेख बिन बाज (रह.) यांच्यासारख्या विद्वानांनी तो बनावट असल्याचे लिहून ठेवले, तरी तो नव्या कागदावर छापला जातोच.

फाइल पुसली गेली तर ती परत बसवता येते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांना ठार मारले. मोबाइलवर फिरणारे ते संदेशही इशारेच होते. आपली लेकरे सुरक्षित राहावीत याच काळजीने ते पाठवले जात होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालण्यास सुरुवात केली. जो संयम आपल्या ईमानने राखायचा, तो एका कंपनीला बटणात बसवावा लागला, याची आपल्याला थोडी लाज वाटायला हवी.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाविषयी माझे मत असे आहे: हेतू चांगला होता हे अल्लाह जाणतोच, पण पडताळणे हे वेगळे कर्तव्य आहे, आणि हेतूच्या चांगुलपणाने ते फिटत नाही. तपासणे शक्य असूनही ज्याने तपासले नाही, त्याने दुसऱ्याच्या हिताची काळजी अर्धीच वाहिली. ज्याला तपासण्याचे साधनच नव्हते, त्याच्यासाठी गप्प राहण्याचा मार्ग खुला होता.

आणि चुकीचा इशारा एकदा हातून गेलाच तर? सूरह बकराच्या 160 व्या आयतीत सत्य दडवणाऱ्यांपैकी ज्यांना माफी आहे, त्यांच्या तौबासोबत सुधारणा करणे आणि उघडपणे स्पष्ट करणे यांचाही उल्लेख येतो. मनातल्या मनात इस्तिगफार केल्याने शंभर लोकांकडे गेलेला निरोप मागे येत नाही. ज्या शंभरांना इशारा पाठवला त्याच शंभरांना ‘ते खरे नव्हते’ असे लिहावे लागते, आणि मामूंना मात्र चारचौघांत नव्हे, एकट्यात अदबीने सांगावे लागते. 2001 मध्ये व्हायरसविरोधी कंपन्यांनी पुसलेली फाइल परत कशी बसवावी याच्या सूचना प्रसिद्ध केल्या होत्या. त्या सूचना पुढे पाठवण्याची घाई मात्र कोणाला नव्हती.