तीनशे शब्द आणि तीन वर्षे

पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये 19 मे 2024 च्या पहाटे सतरा वर्षांच्या एका मुलाने चालवलेल्या भरधाव गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. त्यावर महाराष्ट्रभर जो संताप उसळला तो रास्तच होता. पण त्या संतापाच्या भरात आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. कायदाच मऊ आहे, वयाची अट खाली आणा, मोठ्यांसारखा गुन्हा करतो तर मोठ्यांसारखी शिक्षाही भोगू दे, असे आपण म्हणू लागलो. नुसता जामीन दिला म्हणून तो आदेश चुकीचा ठरत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अल्पवयीनाला जामीन हा नियम आहे. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्यालाच धोका होईल किंवा न्यायाचा हेतू विफल होईल असे दिसले, तरच तो नाकारायचा. चूक वेगळी झाली. हा मुलगा कसा वाढला, आदल्या रात्री तो कुठे होता, परवाना नसताना किल्ली त्याच्या हातात कशी आली, हे नीट विचारण्याआधीच त्याला काय शिकवायचे ते ठरून गेले होते.

हे विचारण्याची सोय कायद्यातच आहे. मुलाला मंडळापुढे प्रथम उभे केल्यापासून पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्या नमुन्यात घरातली माणसे आणि त्यांचे आपसातले संबंध, उत्पन्न, मित्र, सवयी, आजार, घरात मारहाण होते का, शाळा का सोडली, असे रकाने आहेत. यातला शेवटचाच प्रश्न घ्या. तिथे ‘आर्थिक परिस्थिती’ असे दोन शब्द लिहिले की रकाना भरतो. पण अधिकारी मुलाच्या घरी जाऊन बसला, आईशी बोलला, शाळेतल्या बाईंना भेटला, तर कळू शकते की पोराला सहावीपर्यंत धड वाचताच येत नव्हते, वर्गात हसे होत होते आणि त्याला मान मिळाला तो फक्त चौकातल्या भाईच्या टोळीत. पहिल्या उत्तरावरून मंडळाला काहीच ठरवता येत नाही. दुसऱ्यावरून त्या मुलाचे पुढचे वर्ष आखता येते. सगळी सुधारणा या एका कागदावर उभी आहे, आणि तोच कागद आपल्याकडे सर्वांत घाईने भरला जातो. अशा मंडळांपुढची निम्म्याहून अधिक प्रकरणे तुंबलेली आहेत आणि कित्येक मंडळांवर पुरे सदस्यही नाहीत, असे इंडिया जस्टिस रिपोर्टने 2025 मध्ये दाखवून दिले. किरकोळ गुन्ह्यातल्या मुलाची चौकशी चार महिन्यांत आणि वाढीव दोन महिन्यांतही संपली नाही, तर ती तिथेच थांबते. मूल सुटते, पण त्याला कोणी भेटलेलेच नसते.

मुंबईत डोंगरीला ज्या तुरुंगात 1882 साली टिळक आणि आगरकरांनी एकशे एक दिवस काढले, त्याच वास्तूत पुढे चौकशी होईपर्यंत मुलांना ठेवायचे निरीक्षणगृह आले. 1986 च्या कायद्याने ‘रिमांड होम’ हे नाव बदलले, तरी आजही वस्त्यावस्त्यांतून आईबाप पोरांना रिमांड होमचीच भीती घालतात. लोकांच्या तोंडातून हा शब्द जात नाही, कारण आतला अनुभव बदलला यावर त्यांचा विश्वास बसलेला नाही.

कठोर शिक्षेच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात आणि त्या हलक्या नाहीत. पहिली अशी की, सतरा वर्षांच्या मुलाला सगळे कळते. कळत असेलही. म्हणूनच, किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या निर्घृण गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट दिल्लीतल्या 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर 2015 च्या कायद्याने उघडली. ती वाट सरसकट रुंद केली तर काय होते, हे अमेरिकेने पाहिले आहे. 1990 च्या दशकात तिथल्या राज्यांनी मुलांना धडाधड प्रौढांच्या न्यायालयात पाठवले. नंतरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा 2007 मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने प्रसिद्ध केला. प्रौढांच्या न्यायालयात पाठवलेली मुले पुन्हा पकडली जाण्याचे प्रमाण सुमारे 34 टक्क्यांनी जास्त निघाले. समाजाच्या रक्षणासाठी उचललेले पाऊल समाजालाच महागात पडले.

दुसरा आक्षेप पुणेकरांच्या रोजच्या अनुभवातला आहे. टोळीवाले मुद्दाम अल्पवयीन पोरांच्या हाती कोयता देतात, कारण ती लवकर सुटतात. हे खरेच आहे. पण मग हात घालायला हवा तो कोयता देणाऱ्यावर. बाल न्याय कायद्याचे कलम 83 मुलांना वापरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 95 मध्ये अशा माणसाला किमान तीन आणि कमाल दहा वर्षे आहेत. गाड्या फोडणाऱ्या पोरांच्या बातमीत ही कलमे किती वेळा वाचायला मिळतात? पोरगा पकडला की प्रकरण सुटले असे मानणे, हीच टोळीच्या म्होरक्याची सर्वांत मोठी सोय आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. ज्यांचे माणूस गेले त्यांना न्याय कुठे मिळाला? त्या दोन घरांपुढे सुधारणेची भाषा करताना माझीही जीभ अडखळते. पण निबंधाने त्यांची जी अवहेलना झाली, ती सुधारणेमुळे झाली नाही. सुधारणेचे काम न करताच ते केल्याचे दाखवल्यामुळे झाली. आपल्या कृत्याने कोण गेले आणि कोणाचे घर बसले, हे मुलाला महिनोन्महिने समोर बसवून उमगायला लावणे, हे कोठडीपेक्षा सोपे नाही. त्यासाठी प्रशिक्षित माणसे लागतात, समुपदेशक लागतात, सुटल्यावर पाठीशी उभे राहणारे अनुरक्षण लागते.

प्रौढाप्रमाणे खटला न चाललेल्या मुलाला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. म्हणजे सतराव्या वर्षी आत गेलेला मुलगा विशीत आपल्याच गल्लीत परत येतो. आपल्या जिल्ह्यात परिविक्षा अधिकाऱ्यांची पदे किती मंजूर आहेत, किती भरली आहेत आणि एकेका अधिकाऱ्याकडे किती मुले आहेत, हे आपल्या आमदाराला एकदा विचारा. उत्तर लेखी मागा.