देवीचे कपाट आणि घरचे कपाट



नवरात्राच्या आधीच्या अंकात या पानावर नेहमी ती. वडील लिहितात. यंदा तयारीच्या धावपळीत त्यांस अवकाश न मिळाल्यामुळे त्यांनी ही सेवा मजकडे सोपविली आहे. माझे शिक्षण शाळेपुरतेच झाले आणि अधिकार तर त्याहूनही थोडा. तेव्हा चुकेल ते वडीलधाऱ्यांनी पोटात घालावे. विषय मात्र त्यांनीच नेमून दिला. "कपाटावर लिही," म्हणाले. मला हसू आले. कपाटावर काय प्रवचन करावयाचे! परंतु ते हसले नाहीत, आणि का हसले नाहीत ते पुढे ओघाने येईल.

पितृपक्ष सरत आला की गाभाऱ्याशेजारच्या खोलीतील देवीच्या वस्त्रांचे कपाट रिकामे करून झाडावयाचे, असा आमच्या घरचा नेम आहे. आजवर ते काम वडील करीत. यंदा मी केले. सकाळी आरंभ केला तो नैवेद्याची वेळ टळून गेली तरी तळचा कप्पा हाती लागेना. खण, पातळे, इरकली लुगडी, शेले, झगझगीत जरीच्या ओढण्या! कित्येकांची दुकानातील घडीसुद्धा मोडली नव्हती. एका लुगड्याच्या पोटात ओटीचे तांदूळ आणि हळकुंड तसेच राहिले होते. किड्यांनी तांदळाचा भुगा केला होता आणि हळदीचा डाग चार पदर खाली उतरला होता. मोजणे मी दोनशेवर सोडून दिले. एक गोष्ट मात्र ध्यानात आली. सर्वांत चांगली वस्त्रे सर्वांत खाली होती. नवे आले की वर ठेवावयाचे, आणि काढताना हाताशी लागेल ते वरचेच काढावयाचे, या आपल्या आळसामुळे जे उत्तम ते तळाशी दबते, आणि जे कालपरवा आले तेच पुनःपुन्हा अंगावर चढते.

त्या ढिगाकडे पाहून वडील म्हणाले, "देवीला रोज एक नेसविले तरी वर्ष संपेल, कपाट संपणार नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "हे देवीचे नाही राहिले, आपले नाही झाले आणि कोणाचेच नाही झाले." मोठ्या देवस्थानांना हा प्रश्न फार पूर्वीच सोडवावा लागला, तिरुपतीस भक्तांनी अर्पिलेल्या वस्त्रांचा रीतसर लिलाव होतो. आपले देऊळ लहान. येथे लिलाव कोठला! येथे वस्त्र प्रसाद म्हणून वेळीच कोणाच्या तरी अंगावर गेले पाहिजे, एवढेच.

आता देवीचे कपाट सोडून घराकडे वळू.

आमच्या आजोबांच्या काळी घरात कपाट नव्हते. एक संदूक, त्यात लग्नातले चार ऐवज. दोन धोतरे, एक अंगावर आणि एक वलणीवर. सोवळ्याचा मुकटा वेगळ्या दांडीवर, काठीने उचलावयाचा. पसारा होण्याइतके कापडच नव्हते, म्हणून त्या पिढीला नीटनेटकेपणाचे श्रेय किती द्यावे याविषयी मला शंका आहे. पुढे लोखंडी कपाट आले आणि त्याबरोबर आहेर वाढला. आहेराचे कापड हा तर आपल्या समाजातील एक चमत्कारच होय! ते शिवले जात नाही, नेसले जात नाही; ते फक्त प्रवास करते. आमच्या घरून एका मुंजीत गेलेला खण बीदर, हुमनाबाद, उदगीर असा फिरून दोन वर्षांनी आमच्याकडेच परत आला. आईने टोचलेली टाचणी तशीच होती. त्या दिवशी आई पोट धरून हसली, आणि तो खण तिने कपाटातच ठेवला.

कपाटाचा पसारा हा वेळेअभावी होतो असे आपण म्हणतो. मला वाटते तो वेळेचा प्रश्न नाही. ज्या सदऱ्यात अंग मावत नाही तो सदरा आपण ठेवतो, कारण पुन्हा बारीक होऊ अशी आशा असते. जे पातळ एकदाच नेसले ते ठेवतो, कारण त्याची किंमत आठवते. जे मृताचे असते ते ठेवतो. त्याचे कारण लिहिण्याची गरज नाही. संस्कृतात वस्त्राला वसन म्हणतात आणि मनात मुरलेल्या इच्छेला वासना. व्याकरणाने दोहोंचे धातू निराळे आहेत, एक नेसण्याचा आणि दुसरा राहण्याचा, असे वडील सांगतात. परंतु कपाट उघडले की दोन्ही एकाच घडीत सापडतात.

येथे आपल्याच भूमीतील एक कथा आठवते. श्रीगुरुचरित्राच्या नवव्या अध्यायात कुरवपूरच्या रजकाची कथा आहे. श्रीपादश्रीवल्लभांची वस्त्रे तो भक्तिभावाने धूत असे. आयुष्यभर दुसऱ्याचे वस्त्र स्वच्छ करून परत देणारा हा पुरुष. आपले म्हणून त्याने काही साठविले असेल असे वाटत नाही. परंतु एके दिवशी कृष्णेच्या पात्रात नौकेतून विहार करणारा एक राजा त्याने पाहिला. ती वस्त्रे, ते अलंकार, तो थाट पाहून त्याचे मन तेथेच अडकले. श्रीगुरूंनी ते ओळखले. इच्छा मनात ठेवून गेलास तर तिच्यासाठी परत यावे लागेल, असे सांगून त्यांनी विचारले की हे वैभव याच जन्मी हवे की पुढल्या? रजक म्हातारा झाला होता. त्याने पुढला जन्म मागितला. तोच पुढे आपल्या बीदरचा मुसलमान बादशहा होऊन जन्मला, आणि मांडीवरील स्फोटकाने गांजून गाणगापुरी श्रीनृसिंहसरस्वतींच्या चरणी आला, तेव्हा त्यास पूर्वजन्म आठवला, असे पन्नासाव्या अध्यायात आहे. सप्ताहात ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. आपण ऐकतो ती गुरुकृपेची म्हणून, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या रजकाची संदूक रिकामी होती आणि तरीही तो अडकला, हे मला यंदा देवीचे कपाट आवरताना प्रथम जाणवले. कपाट रिकामे केल्याने मन रिकामे होईलच असे नाही. मग ते आवरावयाचे कशासाठी? वडिलांचे उत्तर साधे आहे: "आपल्या मोक्षासाठी नव्हे रे. कोणाला तरी थंडी वाजते म्हणून."

ही थंडीची गोष्ट त्यांच्या तोंडी वरवर आलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या सीमेपासून ती गावे काय दूर आहेत? आपल्याकडची भांडीही त्या पहाटे फळीवरून खाली आली होती. जवळजवळ दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. वडील तेव्हा माझ्याच वयाचे होते. गावात घरोघर फिरून कपडे गोळा केले गेले, ट्रक भरला, आणि तेही बरोबर गेले. तिकडे पोहोचल्यावर गाठोडी सोडली तेव्हा त्यांना लाज वाटली. बटणे नसलेले सदरे, बाहीपासून फाटलेल्या चोळ्या, एकाच पायाचा मोजा. एका गाठोड्यात तर पोतेरे निघाले. एक बाई, जिचे घर त्या पहाटे पडले होते, एक पातळ उलगडून त्याच्या भोकातून पाहत राहिली आणि नीट घडी करून तिने ते परत ढिगावर ठेवले. ती काही बोलली नाही. वडील म्हणतात, "तिने घडी केली, तेवढ्याने मी मेलो."

कठोपनिषदातील नचिकेत्याची कथा वडील प्रत्येक वर्षी सांगतात, ती याच कारणाने, हे मला फार उशिरा कळले. वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला, आणि गाई कोणत्या दिल्या? ज्यांचे पाणी पिऊन झाले, चारा खाऊन झाला, दूध आटले, वासरू होण्याचे दिवस सरले, अशा. गोठा तर मोकळा झाला, दानही लिहिले गेले. मुलगा मात्र पाहत होता. आमच्या घरात, तुमच्या घरात, आपण जुने गाठोडे बांधून "गरिबाला देऊ" म्हणतो, तेव्हा कोणी तरी लहान मूल दाराशी उभे राहून पाहतच असते.

हेच पुढे मोठ्या प्रमाणावरही घडले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून आलेल्या निरुपयोगी कपड्यांचे ढीग पडून राहिले. ते निवडून मार्गी लावण्याचे काम दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेने केले. ही संस्था १९९९ साली सुरू झाली ती अंशु गुप्ता यांच्या घरच्या कपाटातून निघालेल्या ६७ कपड्यांवर; २०१५ साली त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सदुसष्ट कपडे! आपल्यापैकी कोणत्या घरात तितके जास्तीचे निघणार नाहीत?

दुसरी एक खोड आपण तीर्थाला जाताना पाळतो. संगमावर स्नान करावयाचे आणि अंगावरचे वस्त्र पाप गेले म्हणून पाण्यात सोडावयाचे. पूर्वी ते सुती असे, कुजून जाई. आताचे धागे कुजत नाहीत. ते झुडपांना अडकतात, माशांच्या वाटेत येतात. मार्च २०२५ मध्ये कर्नाटकाचे वनमंत्री ईश्वर खंड्रे, जे आपल्याच भालकीचे, यांनी तीर्थक्षेत्रांच्या नदीकाठी ५०० मीटरच्या आत साबण व शांपूची विक्री होऊ देऊ नये आणि भक्तांनी पाण्यात वस्त्रे टाकू नयेत यासाठी उपाय योजावेत, असे अधिकाऱ्यांस सांगितले. मंत्र्यांनी सांगावे लागले, याचे मला वाईट वाटले. हे काम या पानाचे होते.

आता प्रत्यक्ष आवरण्याविषयी थोडेसे. पाऊस उघडल्यावर आश्विनातील कोरडे ऊन हे यास उत्तम. कप्प्याकप्प्याने नव्हे, सर्वच्या सर्व कपडे अंगणात काढावेत. अर्धवट काढले तर अर्धे परत आत जातात, हा माझा अनुभव आहे. रिकामे कपाट पुसून वाळू द्यावे. मागील दसऱ्यापासून जे एकदाही अंगाला लागले नाही ते वेगळे ठेवावे, आणि ते पुन्हा आत ठेवावयाचे झाल्यास घरातील दुसऱ्या माणसाला कारण सांगून ठेवावे. कारण मोठ्याने सांगावे लागले की पुष्कळ कारणे घशातच राहतात. रेशमी वस्त्र उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर धरावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळावे. वेखंड किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला कप्प्यात ठेवावा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत, जर काळी पडते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदलावी. रेशीम त्याच घडीवर वर्षानुवर्षे राहिले की तेथेच तुटते.

हे शेवटले मी पुस्तकातून लिहीत नाही. माझी आई जाऊन सहा वर्षे झाली. तिच्या कपाटाची किल्ली वडिलांच्या जानव्याला असे. ते उघडीत नसत, आणि आम्हीही विचारीत नसू. गेल्या मार्गशीर्षात आमच्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या मावशींच्या मुलीचे लग्न ठरले. आईने त्या मुलीला लहानपणी शब्द दिला होता, की तुझ्या लग्नात माझे हिरवे इरकली तुला. वडिलांना ते आठवले. त्यांनी मुलीला घरी बोलाविले, किल्ली सोडली, आणि तिच्यासमोर घडी उलगडली. इरकलीचे अंग सुती, पदर रेशमी. अंग धडधाकट होते. पदर घडीघडीवर तुटून चार पट्ट्यांनी त्यांच्या हातात आला. मुलगी म्हणाली, "राहू द्या अण्णा, मी तसेच ठेवीन आठवण म्हणून." तिने ते कपाळाला लावले. लग्नात ती दुकानातले पातळ नेसली.

आई असती तर चार वर्षांपूर्वीच देऊन मोकळी झाली असती. वडील हे तिच्याविषयी बोलले, की स्वतःविषयी, ते मी विचारले नाही. याच कारणाने या अंकाचा विषय कपाट हा आहे.

कार्यवाह मंडळींनी ठरविल्याप्रमाणे घटस्थापनेपूर्वीच्या रविवारी सकाळी आठपासून दुपारी बारापर्यंत सभामंडपात कपडे स्वीकारले जातील. देवीच्या कपाटातील वस्त्रेही त्याच वेळी बाहेर काढली जातील. ज्या घरी यंदा मुलीचे लग्न किंवा बाळंतपण आहे त्यांनी आधी सांगून ठेवावे, म्हणजे ओटीचे लुगडे त्यांच्यासाठी निवडता येईल. आणलेले कपडे धुतलेले, बटणे लावलेले, आणि आपण स्वतः अंगावर घालून बाजारात जाऊ शकू असे असावेत. सतरंज्यांवर ते पुरुषांचे, बायकांचे व मुलांचे असे वेगवेगळे मांडले जातील, आणि ज्यांना हवे ते स्वतः निवडून घेतील. कोणाचे नाव लिहिले जाणार नाही, घेणाऱ्याचे नाही आणि देणाऱ्याचेही नाही. फाटलेले सुती कापड टाकू नये, ते वेगळ्या गाठोड्यात आणावे. आपल्या गल्लीतील दोघी बायका त्याच्या कौद्या शिवून देण्यास कबूल झाल्या आहेत. शिलाईची मजुरी कापड आणणाऱ्या घराने द्यावयाची आहे.